ताराबाईंची खरेदी

समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंना कुठलीही बातमी सांगा, त्यांचा प्रश्न ठरलेला असे. "पाहिलं का तुम्ही? नाही ना? मग तारा लावा बाप्पा!" पाटणकरांची सून रुसून माहेरी गेली, तारा. उद्या पाणी येणार नाही, तारा. ज्या शब्दाचा लेखी पुरावा नाही, जो नुसत्या तर्काने उभा केला आहे, त्याच्या आधी भाषेचे अभ्यासक एक छोटा तारा काढतात म्हणे. म्हणून मी त्यांचं नाव ताराबाई ठेवलं. प्रेमाने नव्हे, हे आधीच सांगते.

मूळच्या नागपूरच्या. नोकरी इथे भोपाळला, पिपलानीच्या कारखान्यात, खरेदी विभागात. निवृत्त होऊन अरेरा कॉलोनीत आल्या तरी त्यांची खरेदी सुटली नाही. हजारो वर्षांपूर्वी युरोपातले केल्ट लोक 'विकत घेणे' कसं म्हणत असतील, याचा त्यांना ध्यास लागला. त्या काळचं त्यांचं लिहिलेलं काही उरलेलं नाही. जुन्या आयरिशमध्ये 'क्रेनद्', वेल्शमध्ये 'प्रनी', यांवरून मागे मागे जायचं. इथे कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी अर्धा तास हुज्जत घालणारी बाई तिथे एका मेलेल्या क्रियापदासाठी पहाटे उठायची.

ते सगळं मी चालवून घेतलं असतं. पण माझी गौरी तिकडे जाऊन बसू लागली. मी शाळेत जन्मभर संस्कृत शिकवलं. घरी रूपं म्हणायला बसवलं की या पोरीचं डोकं दुखायचं. ताराबाईंच्या सोफ्यावर मात्र तासन् तास! "आई, काकू इतकं मस्त समझावतात ना यार!" असं ती म्हणाली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काय आजवर गवत उपटत होते?

एकदा साबुदाण्याच्या खिचडीचं निमित्त करून मी वाडगं घेऊन गेले. ताराबाई विचारत होत्या, "संस्कृतात कसं होते गं हे?" मी दारातच तोंड उघडलं, पण त्याआधी गौरीने सुरू केलं, "क्रीणाति, क्रीणीतः, क्रीणन्ति." मान तशीच हलवत, माझ्याच चालीत. ताराबाई माझ्याकडे वळल्या. "पाहा मॅडम, आई तर हरवली. आयरिश, वेल्श या तिच्या लेकी कशा बोलून राहिल्या ते ऐकायचं, संस्कृत मावशीलाही विचारायचं, अन् त्यावरून आई ओळखायची. 'क्व्रिनाति' म्हणत असेल ती, पण त्याला तारा. तुमच्या लेकीला ऐकलं की तुम्ही मात्र बिनताऱ्याच्या दिसता!"

बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण वाडगं परत आलं ते त्यांनी केलेल्या सांबारवड्या, म्हणजे आपल्या कोथिंबीरवड्या, घालून, आणि गौरी म्हणाली, "काकूंच्या हाताला चव आहे." झालं, पुन्हा पोटात दुखू लागलं.

पुढे गौरीला वेल्समध्ये भाषाशास्त्राला प्रवेश मिळाला. ही बातमी मला जिन्यात ताराबाईंकडून कळली. "पेढे कुठे आहेत मॅडम?" त्यांनी विचारलं. कसले, हे मला माहीत नव्हतं. गौरी आधी तिकडे सांगून आली होती. त्या दिवशी मी त्यांच्याशी नीट बोललेसुद्धा नाही. त्यांनी ते मनावर घेतलं नाही, याचाही मला राग आला.

या हिवाळ्यात ताराबाई गेल्या. झोपेतच. गौरीला फोनवर मीच सांगितलं. ती रडत राहिली. तिला धीर द्यावा म्हणून मी मन मोठं केलं. म्हटलं, "अगं, त्या तुला मुलगीच मानायच्या."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "त्या बोलल्या का असं कधी? तू ऐकलं? नाही ना? मग तारा लाव बाप्पा."

तोच नागपुरी हेल. माझी लेक भोपाळात वाढली, आमच्या घरात कुणी कधी 'बाप्पा' म्हटलेलं नाही. उद्या कुणी हिचं बोलणं ऐकून हिची आई शोधायला निघालं, तर तो समोरच्या दाराशी जाऊन उभा राहील. आणि तिथे तर कुलूप आहे.