चातुर्मासात उघडलेलं पुस्तक

ताटात कापूस होता, वाटीत राख होती आणि त्या दिवशीच्या दोनशे वातींपैकी एकशेदहा वळून झाल्या होत्या. अंजनाबाईंनी बोटाला राख लावून पुढची वात मांडीवर घेतली, तेवढ्यात जाळीचं दार ढकलून शकुबाई आत आल्या. पायातली चप्पलही त्यांनी काढली नाही.

"आमची कमल इकडं आली का वो बाई?"

"नाई. कावून?"

"वाढलेलं ताट तसंच टाकून गेली. नळावर पाहिलं, मार्केटात पाहिलं, देवळात पाहिलं. कुठंच नाही." शकुबाईंनी पदराखालून हिरव्या पुठ्ठ्याचं पुस्तक काढलं आणि वातींच्या ताटातच आदळलं. "अन् हे ताटापाशी उघडं पडून होतं. तुमीच देल्लं न?"

पुस्तक अंजनाबाईंनीच दिलं होतं.

बासष्टचा श्रावण चालू होता. मराठी मुलखापासून दूर, नव्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर सहामध्ये क्वार्टरं उभी राहिली होती, पण दारापुढची झाडं अजून गुडघ्याएवढीच होती. विदर्भातून आलेल्या घरांना मराठी पुस्तक मिळायचं ते एकाच वाटेनं. अंजनाबाईंचे मावसभाऊ देवराव रायपूर-नागपूर पॅसेंजरवर गार्ड होते. नागपूरच्या वाचनालयातली पाच पुस्तकं ते कापडी थैलीत घालून दर पंधरा दिवसांनी, गुरुवारी, आणून देत. कोणतं पुस्तक कोणत्या घरी जायचं, हे मात्र अंजनाबाई ठरवत. त्यांची रीत पक्की होती. पहिलं पान वाचायचं, मधलं एखादं वाचायचं आणि शेवटचं वाचायचं. तिन्ही पानांनी धरून ठेवलं तर पुस्तक चांगलं. मग कोणाला हसायला हवंय, कोणाला शहाणपण हवंय, कोणाला नुसती दुपार काढायचीय, ते पाहून त्या वाटप करत. पूजाअर्चेची बाई, तिच्या हातून आलेलं पुस्तक घरात यायला काही हरकत नाही, असं पुरुषमंडळीही म्हणत.

त्या वर्षी आषाढी एकादशीला मात्र त्यांनी देवापुढे पाणी सोडलं होतं : कार्तिकीपर्यंत पोथीशिवाय दुसरं पुस्तक उघडायचं नाही. आदल्या वर्षी एका कादंबरीच्या नादात नैवेद्याची खीर करपली होती, ते मनाला लागलं होतं. नेम वाचायचा होता, वाटायचा नव्हता. म्हणून त्यांनी वाटप चालूच ठेवलं, फक्त न उघडता. पुठ्ठा पाहायचा, नाव पाहायचं आणि द्यायचं.

हिरवं पुस्तक असंच गेलं होतं कमलिनीकडे. कमलिनी म्हणजे कृष्णरावांची एकोणीस वर्षांची बायको. वैशाखात तिची आई वर्ध्याला वारली. तार उशिरा पोचली, पोरीला तोंडसुद्धा पाहायला मिळालं नाही. तेव्हापासून तिचं बोलणंच बंद झालं होतं. घरात नवरा आणि नवऱ्याची ही आत्या, शकुबाई. नवरा दिवसभर कारखान्यात.

"पुस्तक वाचाले लागली अन् बोलाले लागली, म्हणून मीच खुश होती," शकुबाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज खाली आला होता. "काल म्हणे, आत्याबाई, पुस्तकातल्या बाईचीबी माय मेली. तिलेबी वेळेवर जाता नाही आलं. मंग म्हटलं, पुढं? तर म्हणे, विहिरीवर गेली." त्यांनी पुस्तकाकडे बोट केलं. "काय होते वो त्या विहिरीवर? तुमाले तर माहीत असंल. तुमी सारं पाहूनच देता न?"

अंजनाबाईंनी हातातली वात ताटात ठेवली.

"मी नाही वाचलं हे," त्या म्हणाल्या.

"नाही वाचलं?"

"माझा नेम आहे."

"अन् पोरीले देल्लं?"

कोनाड्यात समई जळत होती, शेगावच्या महाराजांच्या तसबिरीला सकाळचं फूल तसंच होतं. अंजनाबाईंनी तिकडे एकदा पाहिलं. हात जोडायलाही त्या थांबल्या नाहीत. राखेच्या बोटांनीच पुस्तक उघडलं.

कमलिनीनं खूण म्हणून केसांचा आकडा ठेवला होता. अंजनाबाई उभ्याउभ्या वाचू लागल्या. भर दुपार. पुस्तकातली बाई घागर घेऊन घरातून निघते. वाटेत कोणी भेटत नाही. विहिरीशी येते, घागर खाली ठेवते. काठावरच्या दगडावर एक पाय ठेवते आणि वाकून आत पाहते. आतून तिला

अंजनाबाईंनी पान उलटलं. पुढे हिरवा पुठ्ठाच होता. शिवणीला फाटलेल्या कागदाची बोटभर कड तेवढी लटकत होती.

"काय होते?" शकुबाईंनी विचारलं.

"शेवटचं पान नाही याले."

"नाही म्हंजे?"

"फाटलंय. कोणी फाडलं देव जाणे." आणि मग, शकुबाईंकडे न पाहता, "पहिल्या दिवशी उघडलं असतं तर दिसलं असतं मले."

शकुबाई दाराकडे वळल्या. "कोहका गावच्या वाटेवरचा तलाव," एवढंच त्या म्हणाल्या.

दोघी निघाल्या. अंजनाबाईंनी दार नुसतं ओढून घेतलं. पुस्तक काखेतच राहिलं होतं, ते त्यांना रस्त्यात कळलं. रस्ता नवा, रुंद आणि उन्हाचा. आठ दिवस पाऊस उघडला होता, कारखान्याची तांबडी धूळ पुन्हा उडू लागली होती. शकुबाईंचा गुडघा दुखत होता, तरी त्या पुढे होत्या.

"बाप्पा, मी तिले बोलली होती सकाळी," त्या धापा टाकत म्हणाल्या. "भाजीत मीठ नाही म्हणून. पुस्तकात डोकं घालून बसते म्हणून. असं बोलाले नोतं पाह्यजे."

"चाला आत्याबाई. बोलू नका आता."

तलाव काठोकाठ भरला होता. पलीकडच्या दगडांवर गावातल्या दोन बायका कपडे आपटत होत्या. पाण्यावर काही नव्हतं. काठावर घागर, चप्पल काहीच नव्हतं. अंजनाबाईंनी ओरडून विचारलं, एक तरुण बाई इकडे आली होती का, निळ्या लुगड्यातली.

एकीनं हात थांबवले. "आए रिहिस दाई. अब्बड़ बेर ले खड़े रिहिस." खूप वेळ उभी होती. मग तिनं हातातल्या ओल्या धोतरानंच दिशा दाखवली. "फेर टेसन डहर चल दिस."

"स्टेशन?" शकुबाईंचा चेहरा पांढरा पडला. "रूळ आहेत वो तिथं. रूळ आहेत."

त्याच वेळी अंजनाबाईंच्या मनात वार आला. गुरुवार. देवरावांची साडेतीनची पॅसेंजर. त्यांनी जाणारी सायकलरिक्षा हात करून थांबवली आणि शकुबाईंना दंडाला धरून वर चढवलं. त्या रिक्षात पोथीतली एकही ओवी त्यांना आठवेना. तोंडात आलं ते एवढंच, आजची गाडी लेट असू दे.

गाडी लेट नव्हती. त्या पोचल्या तेव्हा सिग्नल पडला होता. प्लॅटफॉर्मच्या पार टोकाला, जिथे गार्डाचा डबा थांबतो, तिथे निळ्या लुगड्यातली कमलिनी उभी होती. रुळांच्या फार जवळ उभी होती.

"कमल!" शकुबाई ओरडल्या.

पोरीनं वळून पाहिलं आणि घाबरून दोन पावलं मागे आली. शकुबाईंनी जाऊन आधी तिच्या पाठीत धपाटा घातला, मग तिला मिठीत धरलं. "मेले, सांगून जाता येत नाही? म्हातारीले माराचं आहे का?"

"देवरावमामांना चिठ्ठी द्याची होती," कमलिनी म्हणाली. तिच्या मुठीत वहीचा घडी केलेला कागद होता. "पुस्तकाचं शेवटचं पान नाही. नागपूरले दुसरी प्रत असंल तर पाहा म्हणून."

"मले सांगाचं होतं," अंजनाबाई म्हणाल्या.

"तुमाले कसं सांगू काकू? तुमचा नेम. सांगितलं असतं तर तुमी उघडून पाह्यलं असतं." तिनं अंजनाबाईंच्या काखेतल्या पुस्तकाकडे आणि त्यावरच्या राखेच्या ठशांकडे पाहिलं. "अन् थांबली असती तर आणखी पंधरा दिवस ती बाई विहिरीवर तशीच उभी राह्यली असती न."

शकुबाई डोळे पुसत बाकाकडे गेल्या. अंजनाबाईंनी आवाज उतरवला.

"तू तलावावर कावून थांबली होती?"

गाडीची शिटी दूरवर वाजली. कमलिनीनं चिठ्ठीची घडी उलगडली, पुन्हा घातली.

"थांबली होती," ती शेवटी म्हणाली. "काय मनात आलं कोणजाणे. मंग वाटलं, हिचं काय झालं ते तरी पाहावं. म्हणून इकडं आली." आणि घाईघाईनं, "आमच्या यांना सांगू नका काकू. तुमाले शप्पथ आहे."

गाडी आली. देवराव दारातच उभे होते, हातात थैली. चिठ्ठी वाचून ते हसले. "पान पळालं म्हणता? वाचनालयातल्या बाबूनं वाचलं असंल, त्याले विचारून शेवट सांगतो न."

"सांगू नका," कमलिनी म्हणाली. "पान आणा."

"आणतो बाई. पान नाही भेटलं तर अख्खी प्रत आणतो. अन् अंजने, तू काय पळत आली? चुलीवर दूध ठेवलं का?"

त्यांनी थैली अंजनाबाईंच्या हातात दिली. हिरवी झेंडी हलली, गाडी गेली. अंजनाबाई बाकावर बसल्या आणि थैलीतली पाचही पुस्तकं त्यांनी काढली. एकेकाचं शेवटचं पान उघडून, बोट ठेवून, पूर्ण वाचलं. शकुबाई पाहत राहिल्या.

"नेम?" त्या हळूच म्हणाल्या.

"मोडला तो. त्याचं मी अन् देव पाहून घेऊ." त्यांनी पाचांपैकी सगळ्यांत जाड पुस्तक कमलिनीच्या हातात दिलं. एका मोठ्या कुटुंबाची गोष्ट होती ती, शेवटच्या पानावर सगळी माणसं एका पंगतीत जेवत होती. "हे लवकर सरत नाही. रोज दुपारी माझ्याकडे येऊन वाचाचं. मोठ्यानं. माझ्या नव्वद वाती राहिल्यात, हात रिकामे नाहीत माझे."

कमलिनीनं पुस्तक घेतलं. "यांना सांगणार नाही न?"

अंजनाबाईंनी शप्पथ घेतली नव्हती. त्यांनी तिच्या डोक्यावरचा पदर नीट केला. दोघींना त्यांनी रिक्षानं घरी सोडलं, शकुबाईंच्या कानात सांगितलं की आज पोरीला एकटीला ठेवायचं नाही, अन् मीठ कमी पडलं तर वरून घ्यायचं.

घरी समई विझली होती. अंजनाबाईंनी ती पुन्हा लावली. विखुरलेल्या वाती ताटात गोळा केल्या, पण बसल्या नाहीत. कृष्णरावांची जनरल शिफ्ट साडेपाचला सुटायची. त्यांना रजा घ्यायला सांगायचं होतं, आणि बायकोला वर्ध्याला बापाकडे घेऊन जा म्हणायचं होतं, आणि तलावाचंही सांगायचं होतं. अंजनाबाईंनी पायात चप्पल घातली आणि कृष्णरावांना गाठायला कारखान्याच्या फाटकाकडे निघाल्या.