चाळीसच्या आत

आमच्या घरात स्कूटर आली ती सवत होऊनच आली. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला यांनी नंबर लावला होता, आणि तो लागला तेव्हा आमची लेक शाळेत जायला लागली होती. सत्तरच्या दशकात स्कूटर अशीच मिळायची. लोक नंबर लावून विसरून जायचे. आमचे हे सरकारी कचेरीत कारकून, त्यामुळं वाट बघायची सवय होती. ते काही विसरले नाहीत.

गाडी ताब्यात देताना शोरूमच्या मेस्त्रीनं यांना बाजूला घेतलं. "साहेब, नवं इंजिन हाय. रनिंग संपस्तवर, म्हंजी पैलं हजारभर किलोमीटर हुस्तवर, चाळीसच्या वर न्यायची न्हाई, चढाला दामटायची न्हाई, बोजा टाकायचा न्हाई. मग बघा कशी मोकळी हुतीय ती." हे मान डोलवत होते. एवढ्या लक्षानं यांनी सप्तपदीतसुद्धा भटजींचं ऐकलं नव्हतं.

मी शेजारीच उभी होते. नवी साडी नेसलेली, गजरा माळलेला. आता ऐटीत मागं बसायचं आणि अंबाबाईला जायचं, असं माझं ठरलेलं. तर हे म्हणाले, "तू रिक्षानं ये."

"का वो?"

"बोजा टाकायचा न्हाई म्हणालाय की त्यो."

तो बोजा म्हणजे मी! मला असा राग आला की गजरा काढून तिथंच फेकावा. पण गजरा ताजा होता, म्हणून ठेवला. हे पुढं स्कूटरवर आणि मागनं मी रिक्षात, अशी आमची वरात देवळाकडं निघाली. हे इतक्या हळू चालले होते की सायकलवाले पुढं जात होते. रिक्षावाला शेवटी वैतागला. "ताई, ह्या पावण्याला मागं टाकू का?" मी म्हटलं, "नगा टाकू. नवरा हाय माझा."

अंबाबाई झाली, पण जोतिबा राहिला. नवी गाडी जोतिबाला न्यायचीच, गुलाल लावून आणायचीच, हे आमच्या घरात ठरलेलं. पण जोतिबा डोंगरावर, आणि चढाला तर दामटायची नाही. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणायचो. आत्ती म्हणाल्या, "द्येवापेक्षा मेस्त्री मोठा झाला व्हय रं?" हे दोन दिवस अस्वस्थ होते. मग रविवारी सकाळी अंघोळ करून, स्कूटरची किल्ली रुमालात बांधून, एसटीनं जोतिबाला गेले. किल्ली देवापुढं ठेवली, नारळ फोडला, किल्लीला गुलाल लावला आणि एसटीनंच परत आले. गाडी दारात उभी होती ती उभीच. आत्तींनी कपाळावर हात मारून घेतला. गल्लीतल्या पोरांनी पुढं महिनाभर यांना 'किल्लीवाले' म्हणून हाक मारली, पण यांना त्याचं काही नव्हतं. इंजिन वाचलं होतं ना!

रोज कचेरीतनं आलं की आधी चहा नाही, आधी गाडी पुसायची. त्यासाठी माझं चांगलं मऊ सुती लुगडं फाडलं. पेट्रोलमध्ये ऑइल घालायचं ते असं डोळ्याजवळ धरून, थेंब थेंब, बाळाला गुटी देतात तसं. लेकीनं एकदा सीटवर बाहुली ठेवली तर तिलाही उतरवलं. मी विचारलं, "बाहुलीचाबी बोजा हुतोय काय?" यावर हे नुसते हसले, पण बाहुली काही परत ठेवली नाही.

आता माझं खरं दुखणं सांगते. माझं माहेर मुरगूड. घरापुढं मोठं अंगण, आणि अंगणाला लाकडी फाटक, दोन फळ्यांचं. त्यातली एक फळी कायम बंद असायची, दुसरी अर्धवट उघडी. माणसं त्या अर्ध्या फळीतनं आत यायची. दोन्ही फळ्या उघडायच्या त्या बैलगाडीला, नाहीतर माझ्या चुलत बहिणीला. तिचा नवरा साखर कारखान्यात साहेब, त्यामुळं ती यायची जीपनं. जीपचा आवाज आला की माझे वडील, आप्पा, स्वतः उठून दोन्ही फळ्या उघडायचे. मी यायची एसटीनं. स्टँडवरनं चालत, एका हातात पिशवी, एका हातात लेक, केसात धूळ. अर्ध्या फळीतनं तिरकी होऊन मी आत शिरायची, आणि पिशवी दर वेळी खिट्टीला अडकायची. आप्पांचा यात काय दोष? जीप अर्ध्या फळीतनं येत नाही. कळत होतं मला, तरी दर वेळी त्या बंद फळीकडं बघायची. एकदा, फक्त एकदाच, त्या दोन्ही फळ्या माझ्यासाठी उघडायला पाहिजे होत्या. मुरगूडची जत्रा जवळ आली होती. स्कूटर दारात होती. आणि मी बोजा होते.

मग देवालाच माझी दया आली म्हणायची. आमच्या गल्लीच्या टोकाला तालीम. तिथला एक अगडबंब पैलवान एका सकाळी सहज आला आणि उभ्या स्कूटरवर बसला. नुसता बसला, बिचारा. हे दाढी करत होते. तसेच फेस लावलेले, "उतर! उतर खाली!" ओरडत ओट्यावरनं उडी मारायला गेले आणि उजवा पाय मुरगळला. पैलवान घाबरून उतरला, यांना लेकरासारखं उचललं आणि तालमीत नेलं. वस्तादांनी पाय चोळला, हळद-तुरटीचा लेप लावून पट्टी बांधली. म्हणाले, "पंधरा दिवस किक मारायची न्हाई, ब्रेक दाबायचा न्हाई." मुरगूडची जत्रा त्याच्या आतच होती.

यांचं तोंड उतरलं. पायासाठी नाही हो, इंजिनासाठी. "नवं इंजिन हाय. आत्ताच बसून राहिलं तर मोकळं कसं हुणार?" गल्लीतला एकूणएक गडी पुढं आला. मी फिरवून आणतो, मी आणतो. हे प्रत्येकाकडं बघायचे आणि मान हलवायचे. आमच्या गल्लीतला गडी आणि चाळीसच्या आत? मूठ हातात आली की कोल्हापूरचा माणूस पीळ भरणारच. आणि वर एकाला मागं बसवणार, एकाला पुढं उभा करणार.

मी भाकरी थापता थापता म्हटलं, "मी चालवतो की." कोल्हापुरात आम्ही बायकाही येतो-जातोच बोलतो.

हे इतकं हसले की पाय दुखला. मग मी आठवण करून दिली. मुरगुडात सायकल चालवणारी पहिली पोरगी मी. आप्पांनीच शिकवलं होतं. सायकलच्या मागनं धोतर सावरत पळायचे आणि गावाला ऐकू जाईल असं ओरडायचे, "पुढं बघ! लोकांकडं बघू नगंस!" लग्न ठरलं आणि ती सायकल कुणाला तरी देऊन टाकली. त्यानंतर मी जे काही चालवलं ते घर.

"तुझ्या हातनं चाळीसच्या वर जाणार न्हाई?"

"तुमची शप्पथ."

रंकाळ्याच्या कडेला आमची शाळा भरली. हे कठड्यावर पट्टीचा पाय लांब करून बसायचे आणि ओरडायचे. "क्लच दाब! आता मूठ फिरव! अगं डावी, डावी!" पहिल्या दिवशी गाडीनं अशी उडी घेतली की यांनी डोळे मिटले आणि अंबाबाईचा धावा सुरू केला. पण चार-सहा सकाळींत जमलं. तोल मुळातच होता. आणि पाय ठेवायला पुढं सपाट जागा, साडीची काही अडचण नाही. मला तर वाटलं, ही गाडी बायकांसाठीच बनवली आणि बाप्यांनी मधल्यामधी बळकावली. आमच्या वैनी स्कूटर चालवतात म्हणून तालमीतली पोरं दंड थोपटत काठावर उभी राहायची. मी त्यांच्याकडं बघत नव्हते.

जत्रेच्या आधी मी हळूच विषय काढला. "गावातल्या गावात थांबत-थांबत जाऊन इंजिन काय मोकळं हुतंय? एकसारखी लांब पळाली पायजे." हे वाक्य यांचंच. आठवडाभर तेच तेच बोलत होते.

"बरोबर हाय," हे म्हणाले.

"मग मुरगूडला नेतो. जत्रापण हुईल."

यांनी विचार केला. चेहऱ्यावर इंजिनाची काळजी आणि बायकोची काळजी दोन्ही दिसत होत्या. कुठली जास्त होती ते मी विचारलं नाही. शेवटी म्हणाले, "चालंल. मी मागं बसतो."

"छ्या! बोजा टाकायचा न्हाई."

आत्ती पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या. नियम यांचा, जोतिबासुद्धा त्या नियमाला वाकला होता. दुसऱ्या दिवशी हे लेकीला घेऊन मुरगूडच्या एसटीत बसले आणि मी पदर खोचून किक मारली.

गावाबाहेर पडले आणि थोड्याच वेळात मागनं एसटी आली. खिडकीतनं अर्धे बाहेर आलेले आमचे हे. "चाळीस! चाळीस!" एसटी पुढं गेली. मी आपली काटा सांभाळत चालले. कागलच्या स्टँडात एसटी शिरली, ड्रायव्हर-कंडक्टर चहाला गेले, आणि मी बाहेरच्या बाहेर पुढं निघून गेले. पुढच्या रस्त्याला परत मागनं हॉर्न. आता सगळी एसटी खिडक्यांना लागलेली. "वैनी, सोडू नगा!" आणि त्यांच्यात यांचा आवाज, "चाळीस!" मग पुढं प्रत्येक फाट्यावर एसटी थांबायची, कुणाची भाजीची बुट्टी उतरवा, कुणाची कोंबडी चढवा, आणि मी शांतपणे पुढं जायची. शेवटी एका फाट्यावर म्हातारीचं बोचकं दारात अडकलं आणि एसटी जी मागं राहिली ती राहिलीच. मूठ पिळावी असं फार वाटत होतं. खोटं कशाला बोलू? पण शप्पथ घेतलेली.

मुरगुडात घरापुढं आले. एक फळी बंद, एक अर्धवट उघडी. आत जीप आधीच येऊन उभी. मी फाटकाबाहेर थांबून हॉर्न वाजवला. आप्पा बाहेर आले. गाडी बघितली, मला बघितलं, मग माझ्यामागं बघितलं.

"जावई कुठं हाईत?"

"एसटीत."

आप्पा सरळ बंद फळीपाशी गेले. खिट्टी गंजली होती, हलेना. दगड घेऊन ठोकली, खांदा लावला, आणि दोन्ही फळ्या भिंतीला टेकेपर्यंत उघडल्या. स्कूटरला एक फळी पुरून उरली असती. त्यांनाही ते दिसतच होतं. बाजूला उभं राहून ते म्हणाले, "ये. पुढं बघ." मला पुढचं काही नीट दिसत नव्हतं. डोळे भरले होते. सोप्यात, पुढच्या ओसरीवर, माझी चुलत बहीण बशी तशीच हातात धरून उभी होती.

बऱ्याच वेळानं हे आले. लंगडत, एका हातात पिशवी, एका हातात लेक, केसात धूळ. आप्पांनी तोवर एक फळी परत लावून दुसरी अर्धी लोटून ठेवली होती. हे अर्ध्या फळीतनं तिरके होऊन आत शिरले, पिशवी खिट्टीला अडकली, ती सोडवली, आणि कुणालाही रामराम न घालता थेट स्कूटरपाशी जाऊन इंजिनावर हात ठेवला.

"कितीवर गेलती?"

"चाळीसच्या आत."

यांनी सुस्कारा सोडला. मग इकडं तिकडं बघत, खालच्या आवाजात म्हणाले, "जाताना मागं बसू काय?"

"बघू," मी म्हटलं, "अजून रनिंग हाय."