पोटातल्याचा वाटा

पहिले माह्यी चूक सांगून टाकते, मंग हासा किती हासाचं ते. मैना ढीवरीण आपल्या पोटुशा सवतीले, कुंतेले, मनगट धरून मूल गावच्या ठेसनाकडे ओढत नेऊन राह्यली होती. म्या पाह्यलं अन् मोहल्लाभर बोंब मारली, का हे बाई त्या पोरीचं पोट पाडाले नेते. मी सुईण, माह्यं बोलणं लोकाईले पटते. अन् निघालं सारं उलटंच, बाप्पा. आजही माह्यं मलेच हसू येते.

त्रेपन सालची गोष्ट. मैना तोंडानं फाटकी, पण जाळं ओढाले चार गड्याईले भारी. तिची तीन लेकरं म्या या हातानं काढली. तिन्ही मेलेली. म्या शहाणीनं काय सांगावं? का कमरभर पाण्यात उभी राह्यते, तलावाचा गारवा पोटात शिरला. आमच्या ढीवराईत असंच सांगत. तेच कारण धरून तिच्या नवऱ्यानं, डोमानं, कुंतेले पाट लावून आणलं, अन् तिले पाण्यात पायही घालू देये नाई. दोघी एका चुलीवर रांधत. वरून जंगलात लाकूडकटाईले जाये तिकडे डोमाची तिसरी होती. घरच्या दोघीईले ठाऊक, मलेही ठाऊक, सारे गप.

मूलच्या बाजारात इंदुताई नर्स मैनेपासून मासे घेये. तिनं एकदा सहज विचारलं, लेकरं किती. मैनेनं सांगतलं तसं तिनं हातातला मासा खाली ठेवला, अन् तिले चांद्याच्या दवाखान्यात नेऊन रगत तपासून घेतलं. गरमीचा रोग निघाला, नवऱ्यानं बाहेरून आणलेला. तलावाचा काही गुन्हा नव्हता. डॉक्टर म्हणे, सुया घे, बरी होशील, पण घरच्या तिघाईनंही घ्या. सवतीले पाचवा महिना हाय तं तिले आधी आण. उशीर केला तं तेही लेकरू तुह्या लेकराईवानीच येईल.

डोमा म्हणे, सुई घेतली तं गावात नाक राह्यत नाई. कुंतेले एक अक्षर सांगशील तं माहेरी जा. माहेरी कोण होतं तिचं? कोणी नाई. आठ दिवस मैना धड जेवली नाई, कोणाशी भांडलीही नाई. मैना भांडत नाई म्हणजे घात हाय, हे मले समजाले पाह्यजे होतं. मी आपली चिडवत राह्यली, का सवतीच्या पोटावर जळते वाटते.

मंग तिनं कुंतेले सांगतलंच. कुंतेनं मानलं नाई. म्हणे, तुह्यं पोट रिकामं, म्हून माह्यं पाहवत नाई तुले. मैनेनं तिले भर दुपारी तलावापल्याडच्या मोहाच्या झाडाखाली नेलं. तिथी तीन धोंडे हायेत, म्याच ठेवलेले. पुढचं मले कुंतेनंच सांगतलं.

"हे तीन माह्ये," मैना म्हणे. "चवथा धोंडा मले उचलाले लावू नको."

"तुले हे कोणापासून झालं?"

"जो तुह्या खाटेवर निजते, त्याच्यापासून. तुले असंल का नाई, मले ठाऊक नाई. पण असलं अन् मी गप राह्यली, तं तुह्यं लेकरू म्याच गाडलं असं होईल."

कुंता चांद्याले जायाले निघाली, पण अर्ध्या वाटेत भेली अन् मांग फिरली. तवा मैनेनं मनगट धरलं. तेवढंच म्या पाह्यलं होतं.

कुंतेच्या रगतातही तेच निघालं. दहा दिवस दोघी दवाखान्याच्या ओसरीत पडून राह्यल्या, रोज एक सुई. लेकरू वाचंल काय, असं मैनेनं विचारलं तं डॉक्टर म्हणे, आता वाट पाहा. अन् ज्यानं सुई घेतली नाई त्याच्यापाशी जाल तं सारं पहिल्यापासून.

म्हून दोघीईनं आतून कडी लावली. डोमा चार दिवस ओसरीवर ओरडला अन् जाळं घेऊन जंगलात चालला गेला. घरात नवरा नाई, जाळं नाई. रोगाची गोष्ट फुटली, तशी बायाईनं कुंतेच्या हातचं पाणी घेणं सोडलं. कुंता रोज विचारे, काकी, हालून राह्यलं ना? मी पोटाले कान लावो. कधी हाले, कधी दिवसभर काहीच नाई. त्या दिवशी मैना चुलीपुढं बसून राहे, चूल मात्र पेटवत नसे.

वैशाखात तलाव आटला अन् साऱ्या ढीवराईनं मिळून मासे धरले. आमची रीत अशी, का जो पाण्यात उतरला त्याले एक वाटा, अन् काठावर बसलेल्या पोटुशीले पोटातल्याचा एक. वाटे घालाले उमाजी, ढीवराईचा मुखिया. म्हणे, डोमा नाई, जाळं नाई, या घराले एकच वाटा.

मैना कमरेपासून खाली चिखलानं भरलेली. म्हणे, "उमाजीभाऊ, तू पोटात होता तवा तुह्या मायनं तुह्या वाट्याचा मासा खाल्ला का नाई?"

"खाल्ला. पण माहा बाप पाण्यात होता."

"इथी मी होती पाण्यात. पाणी का मले कमी लागलं?"

उमाजी म्हणे, जन्मू दे पहिले, मंग देतो. मैना म्हणे, जन्मल्यावर त्याले दात कुठी राह्यतात गा मासा खायाले? बाया हासल्या, कुंताही हासली, लय दिवसानं. उमाजीनं चिडून बारक्या काटेरी मासोळ्याईचा वाटा घातला. मैनेनं तो पायानं सरकवला.

"ते मरळ दे. पोटातल्याले काटे निवडता येत नाई."

उमाजीनं मरळ दिली.