हनुवटीचं हाड

उसाचं कांडं चावता चावता चोथ्याबरोबर मी माझे वरचे दोन दातही गव्हाणीत थुंकले. दात कवळीचे होते, म्हणून बोभाटा झाला नाही. कवळी सापडली तेव्हा म्हशीनं तिच्यावर पाय दिलेला.

"म्हशीला बसती का बगा, तुमच्याकडं तर टिकंना," बायको म्हणाली.

अंबाजोगाईच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला. "काका, पक्के दात बसवता येतील. पण स्क्रू धरायला हाडच उरलं नाही. दात गेला की तिथलं हाड विरत जातं. आधी हाड भरावं लागेल."

"कुणाचं?"

"बहुतेकांना गाईबैलाचंच घालतो. शुद्ध केलेली भुकटी असते."

मी तोंड मिटलं.

ते दात मुळात बैलानंच पाडले होते. दुष्काळात आमच्या सोसायटीनं चारा छावणी घातली होती. कारखान्याला जायचा ऊस जनावरांपुढं पडायचा. आमच्या जोडीतला एक बैल तिथंच बसला, तो उठला नाही. दुसऱ्यासाठी बायको पदराखाली भाकरी न्यायची. मग छावणी मोडली. घरी कडब्याची काडी नव्हती. बाजारात न्यायला टेम्पो आणला, तर बैलानं फळीवर पाय ठेवला नाही. चारी पाय रोवून उभा राहिला. मी पुढून कासरा ओढला, मागून दोघांनी शेपटी पिरगाळली. त्यानं मान झटकली आणि शिंग माझ्या तोंडावर बसलं. रक्त थुंकतच मी टेम्पोची फळी लावली. त्या साली बाजारात बैल कोण घेतं आणि कशाला, हे आम्हाला ठाऊक होतं.

"बैलाचं नको," मी डॉक्टरीणबाईंना म्हणालो. "माझंच घ्या, कुठलंबी."

दुखेल, एकाऐवजी दोन जखमा होतील, असं त्यांनी परोपरीनं समजावलं. मी ऐकेना. शेवटी त्यांनी माझ्या हनुवटीतलं हाड काढून वर भरलं.

हनुवटी मोसंबीएवढी सुजली. भाकरी बंद, नुसती गार आंबील. पण दुखणं मी जरा मिरवतही होतो. आल्यागेल्याला बोबड्या बोलात सांगायचो, बैलाचं हाड घेतलं न्हाई म्हणून. ऐकणारे मान डोलवायचे. बायको चुलीपुढून ऐकत राहायची.

एका संध्याकाळी पाव्हणे उठून गेल्यावर तिनं आंबिलीची वाटी माझ्यापुढं ठेवली.

"तुमी नको म्हणलं, त्या बाईनं ऐकलं," ती म्हणाली. "टेम्पोपुढं त्यानंबी नकोच म्हणलं हुतं."