इंजिनातल्या अक्षता

खराडीला एक मुलाखत देऊन परत येताना गाडीने भर चौकात वाफ सोडली. मुलाखतीतही माझं साधारण तेच झालं होतं, त्यामुळे मला फारसं आश्चर्य वाटलं नाही. बॉनेट उघडून कडेला उभी राहिले, तर येणारे-जाणारे थांबून सल्ले देऊ लागले. एकाने वाकून पाहिलं आणि गंभीरपणे सांगितलं, "ताई, गरम झालीय." मी त्याचे आभार मानले.

गाडी बाबांची. ते गेल्यापासून मीच ती चालवत होते. सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीखाली ती कशीबशी ओढून आणली आणि गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने तेल मोजायची पट्टी बाहेर काढून माझ्यासमोर धरली. तेल दुधाच्या कॉफीसारखं झालं होतं.

"हेड गॅस्केट गेलंय. पाणी तेलात मिसळलं. सगळं इंजिन उघडावं लागेल. खरं सांगू का, या वयाच्या गाडीत जीव अडकवू नका. भंगारात द्या."

इंजिनाचा खालचा ठोकळा आणि वरचं हेड यांच्यामध्ये एक पातळ पत्रा असतो, तेच हे गॅस्केट. तो फुटला की ज्यांनी एकमेकांचं तोंडही बघायचं नाही ते तेल आणि पाणी एकत्र नांदायला लागतात. एवढं मला त्याच दिवशी कळलं. मी विचारलं, "हे घरी करता येईल का?"

तो हसला नाही, याबद्दल मी अजूनही त्याला मानते. "करा की. पण अर्ध्यात अडकलात तर माझ्याकडे आणू नका. दुसऱ्याने उघडलेलं इंजिन कुणी हातात घेत नाही."

म्हणजे एकदा उघडलं की परतीचा रस्ता बंद. जमलं तर जमलं, नाहीतर बाबांची गाडी माझ्याच हातून भंगारात जाणार. आईला मग काय तोंड दाखवायचं, या विचाराने माझी झोप उडाली. आईला विचारलं, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुझं तू बघ." या तीन शब्दांत मला तिची गाडीवरची सगळी माया दिसली. बाबांची एवढी एकच मोठी वस्तू घरात उरली होती.

मी सॉफ्टवेअर तपासणारी. उभं आयुष्य दुसऱ्यांनी बनवलेल्या गोष्टींमधल्या चुका काढण्यात गेलं, आणि कंपनीने माणसं कमी करायला घेतली तेव्हा पहिल्या फेरीतच माझं नाव निघालं. तेव्हापासून मनात एक किडा वळवळत होता, की मी स्वतः कधी काही बनवलंय का? म्हणून गाडीचा विचारही माझ्या सवयीप्रमाणेच सुरू झाला. काय काय बिघडू शकेल? बोल्ट तुटेल, हेड वाकडं निघेल, जोडणीचा क्रम चुकेल. यादी वाढत गेली आणि धीर सुटत गेला. मग एका सकाळी दात घासताना लक्षात आलं की यातली एकही गोष्ट अशी नाही, जी जोडायच्या आधी तपासून बघता येणार नाही. चुका शोधणं हे यातलं निम्मं काम असेल, तर निम्मं काम मला येत होतं. उरलेलं निम्मं शिकायचं.

बोल्ट ठरलेल्या ताकदीनेच आवळणारा पाना आणायला नाना पेठेत गेले. दुकानदार म्हणाला, "मिस्टरांना पाठवा, ते बघून घेतील." मी म्हटलं, "मिस्टर नाहीत. इंजिन आहे." त्याने मुकाट्याने पाना काढून दिला.

शेवटी हेड सुटं झालं. ते घासून सपाट करायला लेथवाल्याकडे दिलं आणि उघडा ठोकळा बाबांच्या जुन्या धोतराने झाकून ठेवला, धुळीचा कणही आत जाऊ नये म्हणून. वरच्या मजल्यावरचे काका जिना उतरताना थबकले. "छान. उरलेली गाडी कधी सुटी करताय?" मी धोतराची टोकं आणखी घट्ट खोचली.

आणि खंडेनवमी आली. मी अंघोळ करून खाली गेले, तर धोतर बाजूला घडी करून ठेवलेलं. ठोकळ्याला हळदीकुंकवाची बोटं, वर झेंडूची फुलं आणि अक्षता. आई हात जोडून उभी होती.

"आई, हे काय केलंस?"

"पूजा. दरवर्षी बॉनेटवर करतो. यंदा बॉनेट उघडंच होतं."

"पण मी ते झाकलं होतं."

"झाकलेल्याची पूजा कशी करायची?"

पिस्टनवर पडलेले तांदूळ दिसत होते, ते चिमट्याने निघाले असते. पण तेल खाली उतरायला जी भोकं असतात, त्यातल्या एकात झेंडूची पाकळी अर्धी आत लोंबत होती. त्याच वाटेने अक्षता थेट तळाच्या तेलाच्या टाकीत गेल्या असणार. ती टाकी उतरवायची म्हणजे गाडी उचलून तिच्याखाली झोपायचं. नेमकं तेच मी ठरवून टाळलं होतं.

माझं डोकं फिरलं. "उद्याच भंगारवाल्याला बोलावते," मी म्हणाले आणि चिमटा शोधू लागले. चिमटा, पाने, सगळं वर देवासमोर पाटावर मांडलेलं होतं.

"आज हत्यारांना हात लावायचा नाही," आई म्हणाली. "भंगारवालाही उद्याच बोलाव."

दिवसभर मी घरात आदळआपट केली. संध्याकाळी पुन्हा गाडीपाशी जाऊन बसले, तर आई चहा घेऊन खाली आली.

"खरंच देणार भंगारात?"

"मग काय करू? तुझ्यासाठीच तर चाललं होतं. बाबांची गाडी म्हणून."

"माझ्यासाठी?" तिला खरोखरच नवल वाटलं. "मला काय करायचीय गाडी? मी रिक्षाने जाते."

"मग आधीच का नाही बोललीस?"

"नोकरी गेल्यापासून तू सकाळी तोंड धुवून पुन्हा झोपायचीस. गाडी उघडल्यापासून तुला जेवायला हाका माराव्या लागतात. मी कशाला बोलू?"

मला रडू आलं आणि तिचा रागही आला. पण चहा संपेपर्यंत एक गोष्ट लख्ख कळली. ही गाडी कुणालाच नको होती. हवी होती ती फक्त मला, आणि तेवढं कारण पुरेसं होतं.

दसऱ्याला श्रीखंड-पुरीचं जेवण झाल्यावर मी गाडी उचलून टेकूंवर चढवली आणि खाली सरपटत गेले. टाकी निघाली. आत अक्षता होत्याच. शिवाय तेल-पाण्याचा घट्ट लगदा तेल ओढणाऱ्या जाळीवर बसला होता. तो तसाच राहिला असता, तर नवं गॅस्केट घालूनही इंजिन गेलं असतं. हे मी आईला अजून सांगितलेलं नाही. तिला डोक्यावर कोण बसवून घेणार?

लेथवाल्याकडून हेड आलं. टाकी परत चढवली, नवं गॅस्केट घालून हेड बसवलं. बोल्ट मधून कडेला, थोडे थोडे करत, फेऱ्याफेऱ्यांनी आवळले. प्रत्येक फेरी पुन्हा तपासली. किल्ली फिरवली तेव्हा गाडी नुसती खोकली. पुन्हा फिरवली. पांढरा धूर निघाला, काहीतरी खडखडलं आणि मग आवाज हळूहळू एका लयीत आला. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवून मनसोक्त रडले.

पुढच्या रविवारी आईला घेऊन सासवडला मावशीकडे निघाले. दिवे घाटात माझं लक्ष रस्त्यावर कमी आणि तापमानाच्या काट्यावर जास्त होतं. काटा जागचा हलत नव्हता. निम्म्या चढावर आई एकदम म्हणाली, "थांबव."

गाडी कडेला घेतली. "काय झालं? काही वाजतंय का?"

"नाही गं. मळमळतंय." तिने दार उघडून पाय बाहेर सोडले आणि दरीकडे तोंड करून बसली. "या गाडीत मला पहिल्या दिवसापासून मळमळतं. ह्यांना कधी सांगितलं नाही."

इंजिन शांतपणे चालू होतं. मी तिला पाण्याची बाटली दिली. तिने चूळ भरली, पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळली.

"चांगली केलीस हो दुरुस्त," ती म्हणाली. "अगदी पहिल्यासारखी झालीय."