हात सोडला तेव्हा

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. त्यासाठी आईनं चंद्रपूरच्या महाकालीला नवस बोलला होता. शिकता शिकता माझा मात्र अशा गोष्टींवरचा विश्वास विरळ झाला होता. तरी चैत्राच्या यात्रेत ती नवस फेडायला निघाली, तेव्हा तिचं मन राखायला सोबत गेले.

दर्शन घेऊन बाहेर आलो. डफ वाजत होते, बायका घुमत होत्या. आई एकाएकी कोसळली, हातातल्या हिरव्या बांगड्या फुटल्या. "अंगात आली," कोणी म्हणालं, आणि बायका तिच्या पाया पडू लागल्या. एकीनं हळदीचं पाणी शिंपडलं. मी आईचा हात धरून हाका मारत होते.

समोरच्या बांगड्यांच्या दुकानातल्या मुस्लिम मावशी गर्दीत शिरल्या. आईच्या नाकापाशी हात धरून म्हणाल्या, "हे अंगात येनं नाई. श्वासच नाई चालून राह्यला. एकशे आठले फोन लावा." आणि धावत जाऊन यात्रेच्या मदत केंद्रातली, हृदयाला विजेचा झटका देणारी पेटी घेऊन आल्या.

"मावशी, तुम्हाले येते काय हे?" मी विचारलं.

"मले काय येते? पेटीच सांगते म्हने. आपन ऐकू."

झाकण उघडताच पेटी हिंदीत बोलू लागली. पाया पडणाऱ्या त्याच बायकांनी पदरांचा आडोसा केला. मावशींनी ओढणीनं हळदीचं पाणी पुसलं, चित्र पाहून छातीवर दोन पट्ट्या चिकटवल्या. मग पेटी म्हणाली, मरीज को मत छुइए. सगळ्या मागे सरल्या. मला आईचा हात सोडवेना. सोडला तर ती जाईल, असंच वाटत होतं.

"बेटी, सोड. तू धरून ठेवशीन तं पेटी काम कसं करन?"

मी हात सोडला. महाकाली माय, आता तुझ्या हाती, एवढंच मनात आलं. झटका बसला. पुढं पेटी सांगेल तसं आम्ही दोघी आळीपाळीनं छाती दाबत राहिलो. रुग्णवाहिका यायच्या आधी आईनं खोल श्वास घेतला.

बरी झाल्यावर तिनं मावशींकडूनच बांगड्या भरायचा हट्ट धरला.

"साऱ्या माह्या पाया पडल्या म्हन्ते. तुम्ही काऊन नाई पडल्या?" आईनं चिडवलं.

"गिऱ्हाईक मराले देऊ काय?" मावशी म्हणाल्या. "हात ढिला सोडा, बाई. आवळून धरला का बांगडी फुटते."

आई हसली, हात सैल झाला आणि बांगडी अलगद मनगटावर उतरली. देवी कोणत्या रूपात आली होती, हे मी आता कोणाला विचारत नाही. रोज संध्याकाळी दिवा लावते, आणि आईच्या बांगड्यांचा आवाज स्वयंपाकघरातून येतो.