मोहाखालची लुगडी

आमचं चर्च लहान आहे. सिंदेवाहीच्या पुढे, डांबरी रस्त्याला लागून, वर कवेलू आणि बाहेर एक हापशी. समोरच माझं शिलाईचं दुकान. त्यामुळे वेदीचं कापड, गाणाऱ्यांचे झगे, नाताळच्या नाटकातल्या मेंढपाळांचे कपडे, सगळं माझ्याच मशीनवर शिवलं जातं, आणि तेही फुकट. देवाचं काम म्हटलं की शिवणाऱ्या बाईची पाठही दुखते हे कोणाला आठवत नाही. पाळकसाहेबांना मी हे तोंडावर सांगितलेलं आहे. ते हसतात आणि पुढचं कापड आणून देतात.

माझी मैत्रीण मात्र आमच्या चर्चची नव्हती. आत जंगलातल्या गावची होती आणि तिचे देव तिच्या गावच्या झाडांखाली होते. बाजाराच्या दिवशी चारोळी नाहीतर वाळलेली मोहफुलं घेऊन यायची आणि माझ्या दुकानाच्या पायरीवर टोपली ठेवून बसायची. मला चिडवायला तिला फार आवडायचं. "तुमचा देव आठवडाभर घराला कुलूप लावून ठेवते का? रविवारीच उघडते!" मी म्हणायचे, तुझ्या देवाला तर घरच नाही. यावर ती खो खो हसायची. अशी मैत्रीण मला चर्चच्या मंडळीतही मिळाली नाही, हे इथे लिहून टाकते. वाचून कोणाला राग आला तर येऊ दे.

मोहफुलं पहाटे गळतात. पाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून लोक आधी झाडाखालचा पाला पेटवून जमीन साफ करतात. कधी ती आग हातातून निसटते आणि रानात चालायला लागते. त्या उन्हाळ्याच्या तोंडाला ती तिच्या गावच्या कुंपणापर्यंत आली होती. पण तिला आगीपेक्षा दुसरीच भीती होती. "वाकून वेचून राह्यलेल्या बाईले वाघ बाई समजत नाई," ती म्हणाली. "त्याले वाटते चार पायाचं काहीतरी चरून राह्यलं."

हे मी महिला मंडळात सांगितलं. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला होता. कोणी मटण सोडलं होतं, कोणी चहा. पाळकबाई म्हणाल्या, "तुमच्या चहा सोडण्यानं जंगलाचं काय भलं होणार? घरटी एक लुगडं काढा." जुनी लुगडी एकाला एक जोडून मोहाखाली ताणून बांधायची. फुलं कापडावर पडली की पाला जाळायला नको आणि वाकायलाही नको. मला ते एकदम पटलं. काही जणींनी पोतेरं करायच्या लायकीची लुगडी दिली. मी ती त्यांच्या दारात नेऊन परत टाकली. जे उरलं त्याची दुहेरी शिवण घालून मोठाली कापडं केली. तिने ती बोटांनी ताणून पाहिली आणि म्हणाली, "माझ्या झाडाखाली पयलं बांधजा."

मग आम्ही घाई केली. ती पोरीच्या बाळंतपणासाठी नागभीडला गेलेली असताना एका शनिवारी आम्ही बाया तिच्या गावी पोचलो. तुरळक फुलं गळायला लागली होती. हौसेनं दोऱ्या बांधल्या, कापडं ताणली. आमच्यातल्या एकीनं पडलेलं फूल उचलून तोंडातही टाकलं. तेवढ्यात गावचा भुमिया, म्हणजे त्यांचा पुजारी, येऊन उभा राहिला.

"बाई, आमचा पंडुम नाई झाला अजून."

पंडुम म्हणजे पहिल्या फुलांची पूजा. पहिलं फूल देवाला आणि पूर्वजांना दिल्याशिवाय त्या गावात कोणी मोहाला हात लावत नाही. जिनं फूल तोंडात टाकलं होतं तिनं ते पटकन हातावर काढलं. कारण आमच्याकडे तरी दुसरं काय आहे? हंगामाच्या सणाला नव्या धानाची पहिली पेंडी वेदीपुढे ठेवल्याशिवाय माझ्या आईनं कधी नवा तांदूळ शिजवला नाही. पहिलं देवाचं, हे आम्हाला लहानपणापासून पाठ. पण दुसऱ्याच्या देवालाही पहिलं लागतं, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही.

म्हातारा ओरडला नाही. त्याने दोऱ्या सोडल्या, कापडांच्या नीट घड्या घातल्या आणि माझ्या हातात दिल्या. "राग नाई, बाई. पन पंडुमाआधी लागलेलं कापड या साली नको."

नागभीडहून परतल्यावर ती थेट दुकानात आली आणि पायरीवर बसलीच नाही. "मले इचारलं काऊन नाई? घाई तुमच्या देवाले होती का तुमाले?" मी कपाटातून कापडं काढून तिच्यापुढे ठेवली. नंतर तीच निवळली. मशीनवर हात ठेवून म्हणाली, "ठेव नीट घडी करून. पुढच्या साली पंडुम झाला का मीच बोलावतो तुमाले."

गावचा पंडुम होऊन वेचणी सुरू झाली. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी भक्ती चालू होती. पोरं शिंदीच्या झावळ्या हलवत होती. एक माणूस दारात येऊन पाळकसाहेबांच्या कानाशी काही बोलला आणि गाणं मध्येच थांबलं. पहाटे तिच्याच झाडाखाली, वेचता वेचता, तिला वाघानं नेलं होतं.

आम्ही तसेच निघालो. कोणाच्या हातात झावळी तशीच राहिली होती. त्यांच्या रीतीनं तिला माती दिली. आमच्यातल्या कोणीतरी हळूच म्हणालं, एखादी प्रार्थना म्हणूया का? पाळकसाहेब म्हणाले, "आज आपण फक्त माती द्यायला आलो आहोत." आणि ते लोकांच्या मागे जमिनीवर बसले. त्या दिवशी तो माणूस मला पहिल्यांदा खरा पाळक वाटला. भुमिया माझ्याकडे पाहत नव्हता आणि मी त्याच्याकडे. दोघांनाही एकच गोष्ट आठवत होती. ती कापडं माझ्या कपाटात होती.

मग जंगलखात्याचे साहेब लोक आले, भरपाईचं बोलले, गेले. वाघ पाहायला दुरून माणसं येतात, तिकीट काढून जिप्सीत बसतात. आमच्या बायांना तो फुकट दिसतो. मला त्या दिवसांत इतका राग यायचा की मशीनची सुई दोनदा मोडली.

पण मोह कोणाच्या दुःखासाठी थांबत नाही. फुलं गळतच होती, आणि ती वेचली नाहीत तर त्या घरांना वर्षभर तेल-मीठ कुठून? म्हणून आमच्या बाया पहाटे तिच्या गावी जाऊ लागल्या. आम्ही काही वेचत नव्हतो. गावातल्या बाया वाकायच्या आणि आम्ही भोवती रानाकडे तोंड करून उभ्या राहायचो, हातात ताट आणि चमचा. पाला जरा हलला की जोरात वाजवायचो. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, पहाटेही आम्ही तिथेच होतो. आमच्या चर्चनं आजवर काय केलं असं कोणी विचारलं तर मी हेच सांगते, की आम्ही उभ्या राहिलो. पण तिच्यासाठी उभ्या राहिलो नव्हतो, ते काही भरून येत नाही.

पुढच्या साली पंडुम झाला आणि निरोप घेऊन भुमिया स्वतः आला. त्याच्यासोबत तिची पोर, कडेवर बाळ. पोरीनं पिशवीतून एक हिरवं लुगडं काढलं. मी ते ओळखलं. बाजाराला येताना ती हेच नेसायची.

"मावशी, हे पन जोड. आईच्या झाडाखाली लावू."

लुगड्याला अजून मोहाचा वास होता. मी ते मधोमध घेतलं आणि शिवून होईपर्यंत दुकानाचं दार लावून ठेवलं.

पहाटे तिच्या झाडाखाली कापड फुलांनी भरलं होतं. पोरीनं एक टोक धरलं, मी दुसरं. उचललं तशी सगळी फुलं घरंगळत मधल्या हिरव्या पट्ट्यावर जमली आणि टोपलीत गेली. एवढंच काम होतं. पोर टोपलीकडे पाहत राहिली.

"वाकाच नाई लागलं, मावशी," ती म्हणाली, आणि मग रडायला लागली.